तोंडाने घ्यायची केमो : फार्मसीत होणाऱ्या या चुका टाळा

केमो, म्हणजे कर्करोगावरचे औषध, म्हटली की गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातली खाट आणि सलाईन आठवते. घरी घ्यायची गोळी मात्र लोकांना साधी वाटते, आणि आम्ही फार्मसीवालेही ती डोकेदुखीच्या गोळीसारखी पिशवीत टाकून देतो. डिचोलीत इतकी वर्षे काउंटरवर उभा आहे. त्याच त्या चुका पाहून आता राहवत नाही.

सगळ्यात वाईट चूक सुट्टीच्या आठवड्याची. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी बहुतेकदा १४ दिवस घेऊन ७ दिवस बंद ठेवायची असते, ही एक फेरी. शरीरात तिचे ५-फ्लुरोयुरासिल हे पेशी मारणारे औषध होते. ते गाठीबरोबर आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जाही दुखावते, आणि ती सावरायला हे ७ दिवस असतात. सत्तरीतल्या एका काकींना ५०० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या सकाळी, ३ रात्री होत्या. म्हणजे एका फेरीला ८४. वाळपईहून पुन्हा बस धरायला नको म्हणून मी दोन फेऱ्यांच्या गोळ्या एकाच पिशवीत दिल्या. सुट्टीचे तोंडी सांगितले, लिहून दिले नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यांचा मुलगा जुलाबाची गोळी मागायला आला. आमच्या नव्या मुलाने ती काढूनही ठेवली होती. मी विचारले, ‘आई कशी आहे?’ तर तोंड आलेले, तळहात-तळपाय लाल होऊन सोललेले, आणि गोळ्या चालूच! तसेच बांबोळीला पाठवले. बऱ्या होऊन आल्यावर काकी म्हणाल्या, ‘बाबा, पिशवीत गोळ्या होत्या, म्हणून घेत राहिले.’ चूक त्यांची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून एका वेळी एकाच फेरीच्या गोळ्या देतो, मोजून. पाकिटावर लाल पेनाने शेवटच्या गोळीची तारीख घालतो आणि ती घेणाऱ्याकडून म्हणून घेतो. मागे रांग खोळंबते, नवी मुले चुळबुळतात. खोळंबू दे. दोन मिनिटांत गिऱ्हाईक वाटेला लावायची घाई असेल त्याने ही औषधे देऊच नयेत.

‘जेवणानंतर’ एवढेच लिहू नका. आपल्याकडे अकराला पेज, दोनला जेवण. गोळी नेमकी कशावर घ्यायची? कॅपेसिटाबिन खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दोन डोसांत साधारण १२ तास. मी लिहितो : सकाळी आठला पाव-भाजी खाऊन, रात्री आठला जेवून. प्रोस्टेटच्या कर्करोगावरची अ‍ॅबिरॅटेरोन उलट, रिकाम्या पोटी.

‘दुसरं औषध चालू आहे का?’ याला सगळे ‘नाही’ म्हणतात. म्हणून मी घरातली औषधे पिशवीत भरून आणायला सांगतो. ताकदीच्या गोळीतले फॉलिक अ‍ॅसिड कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्याला कॅपेसिटाबिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पित्तावरची रोजची पँटोप्राझोल फुप्फुसाच्या कर्करोगावरची एर्लोटिनिब नीट शोषू देत नाही.

गोळी कुटून देऊ नका. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करू नका.

आणि ताप. केमो चालू असलेल्याला १००.४ फॅरनहाइट ताप असेल, तर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना त्या गोळीने ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत पसरत राहतो. लगेच इस्पितळ, मग चतुर्थी असो की रात्रीचे दोन. केमोची गोळी काढण्याआधी मी विचारतो, घरी थर्मामीटर आहे? नसेल तर आधी तो देतो.