फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' कशी वाचावी

विल्यम फॉकनरची ही कादंबरी (१९२९) मी दोनदा सोडून दिली, दोन्ही वेळा विसाव्या पानाच्या आत. तिसऱ्यांदा ती पार पडली, त्याला कारण एक कागदाची पट्टी.

खूण म्हणून पुस्तकात ठेवायच्या पट्टीवर तीन नावं लिहा: व्हर्श, टी.पी., लस्टर. मिसिसिपीतल्या कॉम्पसन कुटुंबाची ही गोष्ट. पहिला भाग सांगतो धाकटा बेंजी. वय तेहतीस, बोलता येत नाही, आणि 'तेव्हा' आणि 'आता' यांतला फरक त्याला ठाऊकच नाही. त्याला सांभाळायला मात्र सतत कुणीतरी लागतं. व्हर्श आणि टी.पी. ही घरची स्वयंपाकीण डिल्सी हिची मुलं, लस्टर तिचा नातू. व्हर्श सोबत असेल तर बेंजी लहान आहे. टी.पी. असेल तर थोराड झालाय. लस्टर म्हणजे ७ एप्रिल १९२८. तारखा शोधत बसू नका, बेंजीला कोण सांभाळतंय तेवढं बघा.

सुरुवातीलाच करून पाहा. कुंपणातून आत शिरताना बेंजी खिळ्याला अडकतो. लस्टर वैतागतो. लगेच तिरप्या अक्षरांत त्याला सोडवते ती त्याची बहीण कॅडी, आणि हवेत कडाक्याची थंडी. खिळ्यावरून खिळा आठवला, मधली पंचवीसेक वर्षं गळाली. तिरपा टाइप दिसला की काळ बदलला असं समजा. पण एकदा बदलल्यावर मजकूर पुन्हा सरळ टायपात येतो, त्याने फसू नका. हे वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावं अशी फॉकनरची इच्छा होती. तसं झालं २०१२ साली, त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी. तशी प्रत हाती नसेल तर आपली रंगीत पेन्सिल.

दुसरी गोची नावांची. क्वेंटिन दोन आहेत, मामा आणि भाची. मामा दुसऱ्या भागात बोलतो, तारीख २ जून १९१०, ठिकाण हार्वर्ड. कॅडीची मुलगी क्वेंटिन १९२८मध्ये दिसते. वाक्यात 'ती' की 'तो' ते पाहिलं की सुटतं. बेंजीचंही आधी नाव मॉरी होतं, आईच्या भावावरून ठेवलेलं. मुलगा असा आहे हे कळल्यावर आईने ते बदललं. एवढ्यावरून बाईंचा अंदाज यावा.

क्वेंटिनचा भाग मला बेंजीपेक्षा जड गेला. विरामचिन्हं निघून जातात, वाक्यांत वाक्यं घुसतात. तिथे अडलात तर खुशाल तिसऱ्या भागात उडी मारा. अभ्यासू मंडळी रागावतील, रागावू द्या. तिथे बेंजीचा भाऊ जेसन बोलतो. माणूस नीच, पण सरळ बोलतो, पैशाचा हिशेब चोख सांगतो. कोण कुणाचं ते तिथेच लागतं. मग क्वेंटिनकडे परता. चौथा भाग ईस्टरचा, त्यात डिल्सी बेंजीला चर्चमध्ये घेऊन जाते. तो एका बैठकीत वाचा.

'कॉम्पसन' नावाची फॉकनरची पुरवणी १९४६मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर सतरा वर्षांनी प्रसिद्ध झाली. काही आवृत्त्यांत ती सुरुवातीलाच छापली होती. तुमच्या प्रतीत असेल तर शेवटी वाचा, नाहीतर सगळं आधीच फुटेल.

दोन-तीनदा वाचूनही ज्यांना कळत नाही त्यांनी काय करावं, असं एका मुलाखतीत विचारल्यावर फॉकनर म्हणाला होता, चौथ्यांदा वाचावं. माझ्या मते दुसऱ्यांदा पहिलं पान वाचलं तरी पुष्कळ. कुंपणापलीकडे लोक गोल्फ खेळतायत. ती जागा पूर्वी कॉम्पसनांचं कुरण होती, क्वेंटिनच्या हार्वर्डसाठी विकलेली. खेळणारा काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला हाक मारतो, आणि अलीकडे बेंजी विव्हळायला लागतो. पहिल्या वेळी मी ते तसंच ओलांडून गेलो होतो. त्या पोऱ्याला म्हणतात कॅडी. इंग्रजीत बहिणीच्या नावाचं स्पेलिंग थोडं वेगळं आहे. देवनागरीत दोन्ही सारखंच लिहावं लागतं, आणि बेंजीलाही ते तसंच ऐकू येतं.