जुने फॉर्म वर्डप्रेसमध्ये हलवताय? या चुका टाळा

जुन्या पीएचपी साइटवरचा फॉर्म उचलायचा, त्याचं एचटीएमएल जसंच्या तसं वर्डप्रेसच्या पानात चिकटवायचं आणि क्लायंटला ‘झालं’ म्हणून कळवायचं. असं करून अडकलेलं कुणी ना कुणी सारखं माझ्याकडे येतं. रकाने दिसले म्हणजे फॉर्म हलला असं होत नाही. सबमिट दाबल्यावर पुढे काय काय घडतं, ते हलवायचं असतं.

सगळ्यात छळणारी चूक फील्डच्या नावांची. एका कॉलेजचा प्रवेश-चौकशीचा फॉर्म ऐन जूनमध्ये हलवला गेला. पान उघडायचं, माहिती भरता यायची, सबमिट केलं की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. हलवणाऱ्या मुलाने दोन दिवस पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची सेटिंग) पुन्हा पुन्हा सेव्ह केल्या, प्लगिन एकेक करून बंद केली, होस्टिंगवाल्यांशी वाद घातला. तेवढ्यात एक वडील मुलीची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीने थेट ऑफिसात आले, ‘ऑनलाइन जातच नाही’ म्हणून. मी सोर्स उघडला, तर पहिल्याच इनपुटचं नाव ‘नेम’. कोणतं पान दाखवायचं हे ठरवताना वर्डप्रेस पोस्ट होऊन (फॉर्ममधून पाठवली जाऊन) आलेली फील्डही वाचतं, आणि ‘नेम’ म्हणजे त्याच्या लेखी लेखाचा स्लग, म्हणजे वेबपत्त्यातलं लेखाचं नाव. मुलीने आपलं नाव लिहिलं की वर्डप्रेस त्या नावाचा लेख शोधत बसणार! ‘इयर’, ‘डे’, ‘पी’ हीसुद्धा अशीच राखीव नावं. मी प्रत्येक फील्डच्या नावाआधी साइटची दोन अक्षरं लावते, मग ते फील्ड कितीही साधं असो.

दुसरी चूक ईमेलची. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकलेला असतो. आता एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का, हे त्यात बघतात) असा मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो. ‘फ्रॉम’मध्ये आपल्या डोमेनचा पत्ता घाला, भरणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. आणि फक्त मेलवर विसंबू नका, प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये राहिलीच पाहिजे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांच्या नोंदी गेलेल्या मी पाहिल्यात, त्या परत येत नाहीत.

फॉर्मच्या जुन्या पत्त्यावर ३०१ (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणारा कोड) लावून मोकळे होऊ नका. ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागणं) करतो आणि भरलेली माहिती वाटेतच गळते. तिथे ३०८ हवा, तो पोस्टचं पोस्टच ठेवतो.

फॉर्मचं पान कॅशमधून (पानांच्या साठवलेल्या प्रतींमधून) वगळा. नॉन्स, म्हणजे फॉर्मसोबत जाणारा सुरक्षेचा तात्पुरता कोड, जास्तीत जास्त २४ तास चालतो, शिळ्या पानावरून सबमिट होत नाही.

जुना डेटा आणताना टेबल लॅटिन१ (प्रत्येक अक्षराला एकच बाइट देणारी जुनी लिपी-पद्धत) आहे का ते आधी बघा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (आजच्या सर्वलिपी पद्धतीत) ३ बाइट खातं, म्हणून अशा टेबलात ५० बाइटच्या रकान्यात १६ चिन्हंच मावलेली असतात आणि लांब नावं तिथेच तुटलेली सापडतात. तुटलेली नावं इम्पोर्टच्या आधी मूळ कागदांवरून दुरुस्त करून घ्या, नंतर कुणाला वेळ नसतो.

चाचणीला ‘टेस्ट टेस्ट’ लिहून पाठवणं मला अजिबात पटत नाही. मी ‘ज्ञानेश्वर कुऱ्हाडे’ लिहिते, आणि दुसऱ्यांदा रोमनमध्ये डिसोझा, डीनंतरच्या अपॉस्ट्रॉफीसकट. वर्डप्रेस पोस्टमधल्या अशा चिन्हाआधी उलटा स्लॅश (\) घालतं. तो काढला नसेल, तर वसईच्या माणसाचं आडनाव पावतीवर स्लॅशसकट छापून येतं.