गाडी ओढत नाही? टर्बो खोलण्याआधी हे बघून घ्या

डिझेल पिकअप घेऊन आलेला माणूस खाली उतरायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो, "टर्बो गेलाय." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. चढाला गाडी मरते, एक गिअर खाली यावं लागतं, मागून काळा धूर. थोडक्यात, पिकअपला पिकअप नाही. तक्रार खरी असते, निदान बऱ्याचदा चुकीचं. सुरुवातीची काही वर्षं मीही असं ऐकून सरळ पाना हातात घ्यायचो. एका गाडीचा टर्बो तसाच बदलून दिला. चौथ्या दिवशी तीच गाडी, तीच तक्रार, दारात उभी. दोष निघाला इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या होज पाइपात. वरून पाइप नव्यासारखा, खालच्या अंगाला बोटभर चीर. गाडी जागेवर चालू असताना चीर मिटलेली असायची, लोड आला आणि आत दाब चढला की उघडायची. काढलेल्या टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हापासून टर्बोला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

आधी बॉनेट उघडू नका, गाडी चालवा. शक्य असेल तर भरलेली. न्यूट्रलला रेस देऊन टर्बोचं काही कळत नाही, कारण लोडशिवाय त्याला कामच नसतं. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, काच खाली ठेवा आणि कान द्या. मागे बसलेल्या कुणाला तरी धूर बघायला सांगा.

काळा धूर आणि दाबाबरोबर वाढणारा फुस्स आवाज म्हणजे हवा गळतेय. डिझेल पुरेसं येतंय, पण इंजिनात पोचायच्या आधीच हवा बाहेर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग ते टर्बोतून येवो नाहीतर पिस्टन रिंगांतून. पांढरा धूर निघाला तर टर्बो सोडा, इंजेक्टर आणि कूलंटकडे बघा. आणि गाडी ओढत नाही पण धूरही नाही, असं असेल तर पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदला. यात एक मेख आहे. नव्या गाड्यांत हवा कमी पडली की कॉम्प्युटर डिझेलही आखडतं घेतो, त्यामुळे पाइप फाटलेला असूनही धूर दिसत नाही. म्हणून नव्या गाडीला धुरावरून क्लीन चिट देऊ नका.

रुग्णवाहिकेसारखा चढत जाणारा सायरन ऐकू आला तर मात्र काळजी करा. टर्बोची बारीक शिट्टी नेहमीचीच असते. पण कालपर्यंत नव्हता असा कर्कश आवाज आरपीएमबरोबर चढत असेल, तर पंखा बाहेरच्या कव्हरला घासत असण्याची किंवा पाती तुटून तोल गेल्याची शक्यता असते. अशी गाडी पुढे चालवू नये.

आता बॉनेट. एअर फिल्टर काढून बघा. चोंदलेला फिल्टर हे कमी ताकदीचं सगळ्यात स्वस्त कारण आहे, आणि लोक तेच वगळतात. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) प्रत्येक पाइप हाताने चाचपा. नुसतं बघून भागत नाही. इंजिन थंड असताना पाइप मुठीत धरून पिळा, खालून बोट फिरवा. बोटाला ऑइलमिश्रित काळी चिकट घाण लागली आणि आजूबाजूचा भाग कोरडा असला, तर गळती तिथेच. हवेबरोबर ऑइलची वाफ बाहेर येते आणि तिच्यावर धूळ बसते. क्लॅम्पखालची कड हमखास तपासा, फार आवळलेला क्लॅम्प रबर कापतो. जुन्या पाइपाचा आतला थर सुटून लोंबतो आणि हवेची वाटच अडवतो, तेव्हा संशय आला तर पाइप काढून आत बॅटरी मारा.

इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेवढं येतंच. पाइप उलटा केल्यावर धार लागली, तर गोष्ट वेगळी.

चीर सापडत नसेल तर दाब देऊन बघायचं. टर्बोच्या तोंडाला प्लग लावून कॉम्प्रेसरने अर्ध्या बारपासून सुरुवात करा, एक बारच्या वर जाऊ नका आणि प्लगसमोर उभं राहू नका, तो गोळीसारखा सुटतो. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे फेस फुगेल तिथे गळती. ऑइल भरायच्या तोंडातून थोडी हवा आली तर ती इंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हमधून आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून येते, तिच्यामागे धावू नका.

एक्झॉस्टची बाजूही विसरू नये. टर्बो फिरतो तो गरम वायूच्या जोरावर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) फुटलेलं असेल तर टर्बोला वारा मिळणार कुठून? थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक आवाज आणि सांध्यापाशी काजळीचा पट्टा, ही त्याची खूण. उलट सायलेन्सरकडची बाजू, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर, चोंदली असेल तरी गाडी गुदमरते.

यानंतर ॲक्च्युएटर, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग. व्हीजीटी टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला हलणारी पाती असतात, ती काजळीने अडकतात. उघडी अडकली तर खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी, वर गेल्यावर थोडी बरी. मिटलेली अडकली तर दाब जास्त चढतो आणि कॉम्प्युटर गाडी लिंप मोडला टाकतो, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करतो. चढावर अचानक जोर गेला, गाडी बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक, असं कुणी सांगितलं की माझी पहिली नजर इथे जाते. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर हातपंप लावा. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग सरकली पाहिजे आणि पंपाचा काटा जागेवर थांबला पाहिजे. काटा पडत असेल तर आतला पडदा फाटलाय. दांडी अडखळत, झटक्याने सरकत असेल तर पाती अडकताहेत. दोन्ही ठीक असेल, तर सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, आणि बारीक रबरी व्हॅक्यूम नळ्या. त्या नळ्या टोकाला कडक होऊन तडकतात.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, असेल तर उत्तम, पण त्याचं म्हणणं नीट वाचा. पी ०२९९ म्हणजे पाहिजे तेवढा दाब मिळत नाही, पी ०२३४ म्हणजे दाब प्रमाणाबाहेर. पी ०२९९ म्हणजे "टर्बो बदला" नव्हे. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक दोषाने हाच कोड येऊ शकतो. मी आधी इंजिन बंद, चावी चालू ठेवून मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बघतो. समुद्रसपाटीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा, उंचावर त्याहून कमी. बंद इंजिनात १३० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि बाकी सगळी मोजमापं व्यर्थ. मग लोडवर गाडी चालवताना मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी ठेवून बघा.

इतकं सगळं बरोबर निघालं, तर आता टर्बो. इंजिन बंद आणि थंड हवं. हवेच्या बाजूचा पाइप काढा. पंख्याच्या पात्यांच्या कडा वाळूने घासल्यासारख्या किंवा खरचटलेल्या दिसल्या, तर फिल्टरला बायपास होऊन धूळ आत गेलीय. आता मधला नट दोन बोटांत धरा. आडवा हलवला तर थोडा हलेल, अगदी थोडा. टर्बोचा शाफ्ट बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरावर तरंगतो, इंजिन थंड होऊन ऑइल उतरलेलं असताना हे जाणवणारच. हा खेळ बघून कितीतरी चांगले टर्बो भंगारात जातात. बघायचं ते हे, की एका बाजूला दाबून फिरवला तर पातं कव्हरला लागतं का? मग नट आपल्याकडे ओढा आणि आत ढकला. इथे जवळजवळ काहीच जाणवायला नको. टक-टक असा स्पष्ट धक्का बोटाला लागला, तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला मागेपुढे सरकू न देणारं बेअरिंग, संपलं. अशा वेळी टर्बो बदलावाच लागतो.

निळा धूर असेल तरी थांबा. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. ऑइल टर्बोतून खाली सांडतं ते स्वतःच्या वजनाने. रिटर्न पाइप गाळाने अरुंद झाला, किंवा ब्रीदर चोंदून इंजिनात दाब साचला, की ऑइलला खाली जायला जागा उरत नाही आणि ते रिंगेवरून बाहेर येतं. नवा टर्बो बसवलात तर तोही गळेल. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. जोराने उडू पाहत असेल, तर आधी ब्रीदर, नंतर पिस्टन रिंगांचा विचार.

आणि एक जीवाचं. टर्बोतून भरमसाट ऑइल इंजिनात गेलं, तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन मारा. ते जमत नसेल तर दूर व्हा. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं कधीही धरू नका.

बदलायची वेळ आलीच, तर जुना का मेला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका. ऑइलचा फीड पाइप नवा घ्या, जुन्याच्या आत जळून कोळसा झालेलं ऑइल असतं. इंटरकूलर धुवा, नाहीतर तुटलेल्या पात्याचे तुकडे इंजिनात जातील. ऑइलच्या फ्लँजला, म्हणजे पाइप बोल्टने आवळायच्या जोडाला, सीलंट लावू नका, त्याचे तुकडे सुटून वाट बंद करतात. बसवताना ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून पंखा हाताने फिरवा, डिझेल तोडून स्टार्टर फिरवा आणि ऑइलचा दिवा विझल्यावरच इंजिन चालू करा. पाच मिनिटं जागेवरच चालू द्या, रेस नको. काहीशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणून सगळे क्लॅम्प तपासा, नव्या पाइपांवरचे क्लॅम्प थोडे सैल पडतात.