शिवरात्रीच्या आसपास घरच्या बागेत होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात थंडी फार रेंगाळत नाही. संक्रांतीनंतर उन्हाला धार येते, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते आणि मार्चमध्ये पारा पस्तिशीला टेकतो. छाटणी, कुंड्या बदलणं, उन्हाळी भाज्या लावणं या सगळ्याला हातात असतात जेमतेम पाच-सहा आठवडे. तरी लोक थंड देशांतले व्हिडिओ बघतात, तिथली तारीख लिहून घेतात आणि मार्चच्या मध्याला इथं गुलाब बुडापासून छाटतात. तिकडं त्या वेळी गारवा असतो, म्हणून तिकडं ते चालतं. इथं ती फांदी पालवण्याआधीच उन्हानं करपते.

कच्चं शेण आणि ताजी मळी

आपल्याकडे शेणाची आणि मळीची, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाची, टंचाई नाही, आणि गोची तिथंच होते. नेमक्या याच दिवसांत कारखान्यांचं गाळप जोरात असतं, कुणाची ना कुणाची ओळख निघते आणि मळीची पोती घरपोच येतात.

राजारामपुरीतल्या एका गच्चीचं उदाहरण घ्या. कागलकडच्या पाहुण्यांच्या गोठ्यातून टेम्पोभर शेण आलं, वर चार पोती मळी. ‘सेंद्रिय आहे, जितकं जास्त तितकं चांगलं’ म्हणून निम्मी माती आणि निम्मं हे मिश्रण असं करून पंचवीसेक कुंड्या भरल्या. त्याच संध्याकाळी टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं लावून मोकळे. चौथ्या-पाचव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून दोन वेळा पाणी सुरू झालं. तरी सुधारणा नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी चमचाभर युरिया सुचवला, तोही पडला. दुसऱ्या आठवड्यात रोपं मातीलगत काळी पडून आडवी झाली. मग कुणीतरी कुंडीत चार बोटं खोल हात घातला, तर आत चक्क कोमट, आणि गोठ्यात येतो तसा नाकात झोंबणारा वास.

शेण किंवा मळी कुजताना तापते आणि अमोनिया सोडते. कुजवणारे जीवाणू मातीतला प्राणवायू आणि नत्र दोन्ही ओढून घेतात. कोवळी मुळं त्यात भाजतात. भाजलेल्या मुळांना पाणी उचलता येत नाही, म्हणून रोप तहानलेलं दिसतं. त्यावर आणखी पाणी म्हणजे उरलीसुरली हवाही बंद. आणि युरिया? त्यानं तर आगीत तेल.

यावर औषध नाही. कुंड्या रिकाम्या करायच्या, सगळं गोणपाटावर ढीग करून ओलसर ठेवायचं, दर आठवड्याला वरखाली करायचं आणि अडीच-तीन महिने थांबायचं. ‘पंधरा दिवसांत होईल का?’ असं विचारणाऱ्यांनी सरळ गांडूळखत विकत आणावं.

खत कुजलंय का, हे बघायच्या दोन सोप्या खुणा. मूठभर खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, तीन दिवसांनी उघडा. पावसाळ्यातल्या मातीसारखा वास आला तर तयार, आंबूस किंवा शेणाचा आला तर कच्चं. दुसरी खूण मेथीची. वाटीभर खतात दहा-बारा दाणे टाका. चार-पाच दिवसांत बहुतेक उगवून हिरवी पानं उघडली तर खत वापरायला हरकत नाही.

खत चाळल्याशिवाय तर कुंडीत घालूच नका. शेणखताच्या ढिगात इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघतात. सगळे त्यांना हुमणी म्हणतात. त्यातल्या बऱ्याचशा गेंड्या भुंग्याच्या असतात, पण उसाची मुळं फस्त करणारी खरी हुमणी दिसायला तशीच. कोणती कुठली याची चौकशी करत बसू नका, वेचून बाहेर काढा. कुंडीत गेल्याचा संशय असेल, म्हणजे माती ओली असूनही झाड सुकतंय आणि हलकं ओढलं तर हलतंय, तर कुंडी उपडी करून बघायची. बघितल्याशिवाय वरून औषधं ओतण्यात अर्थ नाही.

मिश्रणाचं आमचं ठरलेलं माप असं: चार घमेली तांबडी माती, तीन घमेली धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन घमेली कुजलेलं शेणखत, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोनदा तरी पिळून टाकायचं, त्यात क्षार असतात. नदीकाठची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र डोकेदुखी. ओली झाली की चिखल, वाळली की कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट ताटलीत. काळीच माती हाताशी असेल तर ती दोन घमेल्यांच्या वर घेऊ नका आणि उरलेल्याची भरपाई जाड वाळूनं करा.

तीच गत पाचटाची. उसाचं पाचट हे उन्हाळ्यातलं उत्तम आच्छादन, पण वरून, दोन इंच जाडीचं, आणि खोडापासून चार बोटं दूर. ते बारीक करून मातीत मिसळलं तर कुजताना नत्र खातं आणि झाडं पिवळी पडतात.

मोगऱ्याला उशिरा लागलेली कात्री

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. जुनी काडी नुसती हिरवी राहते. त्यामुळे छाटणी हवीच, पण वेळ चुकली की पहिला बहर गेला. दरवर्षी पाडव्याच्या आधी कुणीतरी विचारतंच, ‘मोगरा छाटू का?’ त्या वेळी तुमच्या शेजारणीच्या वेणीत मोगरा आलेला असतो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाणी तोडा. कुंडीतल्या झाडाला आठ-दहा दिवस पुरे, पानं थोडी मलूल दिसली की थांबा, काडी सुकेपर्यंत ताणू नका. मग वाळक्या, काडीपेक्षा बारीक आणि एकमेकांत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्या फांद्यांवर तीन-चार पेरं ठेवून वरचा भाग कापा आणि राहिलेली पानं हातानं ओरबाडून टाका. पानं ठेवायचा मोह फार जणांना होतो. ठेवली की फुटवा एकसारखा येत नाही, दोन काड्या फुटतात आणि दहा झोपून राहतात.

त्यानंतर वरची दोन इंच माती उकरून काढायची, तिथं दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, वर पुन्हा माती, आणि खालच्या भोकातून निथळेपर्यंत भरपूर पाणी. पंधरा-वीस दिवसांत फुटवे दिसतात. दिसले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, दोनच वेळा. युरिया द्याल तर वेल माजेल आणि कळ्या मोजून चार. ऊन किमान पाच-सहा तास हवं. गॅलरीत दोन तासांच्या कोवळ्या उन्हात मोगरा फुलत नाही, त्याचं खापर छाटणीवर फोडू नका.

पहिला बहर ओसरला की कात्री कपाटात जाते, ही यातली शेवटची चूक. फुलं गळालेला प्रत्येक शेंडा खालच्या दोन पानांच्या जोड्यांपर्यंत कापत राहा, तरच पुढचा बहर लवकर येतो.

गुलाबाची हजामत

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. फेब्रुवारीत फक्त सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या काढायच्या, काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच आणि तिरका. बुडापासून फुटलेली सरळसोट, जोमदार फांदी बघून खूश होऊ नका. ती कलमाच्या जोडाच्या खालून निघाली असेल तर जंगली आहे. सात पानं म्हणजे जंगली ही खूण पक्की नाही, फांदी कुठून निघाली तेच बघायचं. माती बाजूला करून मुळाशी ओढून काढा. नुसती वरून कापली तर ती दुप्पट जोमानं येते.

ऊन वाढलं की गुलाबावर लाल कोळी येतो. वरून पानावर फिकट पिवळे ठिपके, उलटं केलं तर धुळीसारखे सरकणारे कण आणि बारीक जाळी. सलग तीन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मं काम तिथंच होतं. उरलेल्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी आठच्या आत, कारण पारा ३२ च्या वर असताना गंधकानं पानं भाजतात. आणि कृपा करून गंधक आणि नीमतेल एकत्र करू नका. दोन्हींमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. ‘दोन औषधं एकाच पंपात, काम लवकर’ हा नाद खुळा लोकांचा शॉर्टकट झाडाची सगळी पानं पाडतो.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र नीमतेल चालतं: लिटरभर कोमट पाण्यात आधी अर्धा चमचा द्रव साबण, मग ५ मिली नीमतेल, ढवळून लगेच, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त. त्या गोड चिकट्यासाठी ढेकणाची राखण करतात आणि त्याला एका फांदीवरून दुसरीकडं पोचवतात.

पाणी

हिवाळ्यात दिवसाआड पाणी घालणारे फेब्रुवारीभर तेच चालू ठेवतात, आणि मार्चच्या एका दुपारी झाड लोळलेलं बघून घाबरून बादली ओततात. वेळापत्रक सोडा, बोट घाला. दोन पेरं खोल माती कोरडी लागली तर पाणी, नाही तर उद्या. वेळ सकाळी आठच्या आत. दुपारी द्यावंच लागलं तर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं सुरुवातीचं पाणी आधी बादलीत सोडा. हात धरवत नाही इतकं ते तापलेलं असतं आणि लोक तेच सरळ रोपाच्या बुंध्यात सोडतात. बोअरचं पाणी घालून कुंडीच्या काठाला पांढरा थर आला असेल तर महिन्यातून एकदा नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं माती भरपूर निथळवा.

बाकीच्या, थोडक्यात

कुंडी बदलायची तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, संध्याकाळी, आणि नंतर आठवडाभर सावली. एका वेळी दोन इंच मोठी कुंडी पुरे. आठ इंचीतून थेट वीस इंचीत टाकलेल्या झाडाची मुळं ओल्या मातीत कुजतात.

तुळशीला दूध घालू नका. मंजिऱ्या खुडा, शेंडे चार बोटं छाटा.

डिसेंबरात आणलेली शेवंती फुलं संपली म्हणून फेकू नका. पाच इंचांवर कापून अर्ध्या सावलीत ठेवा, बुडाशी येणारे फुटवे पावसाळ्यात वेगळे लावता येतात.

बोगनवेल फुलत नाही? पाणी कमी करा.

लिंबाला आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांसाठी) ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं असेल तर पहिलंच पाणी भडाभडा देऊ नका. हलकं सुरू करून दोन आठवड्यांत वाढवा, नाही तर फुलांचा सडा पडतो.

परसातल्या आंब्याचा मोहोर उमलला असताना कीटकनाशक मारू नका, माश्या आणि मधमाश्या गेल्या की फळ धरणार कोण? भुरीसाठी (मोहोरावर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक मारायचं ते मोहोर उमलण्याआधी. बारीक कैऱ्या गळतात ते बघून कासावीस होऊ नका, झाडाला पेलतील तेवढ्याच ते ठेवतं. पाणी सुरू करायचं ते कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर.

कोथिंबीर, मेथी, पालक मार्चच्या उन्हात पेरून ‘फुलावर का गेली?’ विचारण्यापेक्षा सावलीच्या बाजूला, थोडी-थोडी पेरा आणि लवकर काढा.

हिरवी जाळी फेब्रुवारीत लावली तर रोपं लांबट, फिकट होतात. मार्चच्या मध्यानंतर ५० टक्क्यांची जाळी पुरे. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली भेंडीला फूल धरत नाही.

उन्हाळी भाज्यांचं बी

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं यांना उगवायला उबदार माती लागते. जानेवारीच्या सुरुवातीला गार मातीत पेरलेलं बी कुजतं आणि दोष दुकानदाराला. महिनाअखेरीपासून पेरा. भेंडी रात्रभर भिजवा, कारल्याच्या बियांचं टोक नेलकटरनं किंचित कापून चोवीस तास. बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, त्याहून नाही. बारा इंची कुंडीत भेंडीचं एक रोप, फार तर दोन. पाच रोपं ठेवून सगळ्यांना मिळून दहा भेंड्या येतात. बी घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा, पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगाला दाद देऊ नये म्हणूनच या जाती काढल्या होत्या.

वेलभाज्यांना चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम आणि मांडव. मांडव वेल चढल्यावर बांधायची सवय सोडा, बी टाकायच्या दिवशीच बांधा, नंतर बांधताना मुळं दुखावतात. वळवाचा पाऊस येतो तो वादळी वारा घेऊन, दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात सुतळीचा मांडव गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. चारही खांब कठड्याला जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेनं बांधा, ड्रमच्या आत रोवलेल्या काठीवर भिस्त ठेवू नका. हिरवी जाळी मात्र ताठ ओढू नका, मध्ये थोडी ढील ठेवा आणि एका बाजूच्या गाठी सोडता येतील अशा मारा. वारं सुटलं की त्या बाजूनं जाळी मोकळी करून गुंडाळता येते.