रेझिनचा कोस्टर चिकट का राहतो? या चुका टाळा

साच्यातून काढलेल्या कोस्टरला, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकतीला, बोट चिकटलं की पहिला संशय मालावर जातो. चूक मात्र बहुतेक वेळा मापात असते. इपॉक्सी रेझिन रंगासारखं वाळत नाही; रेझिन आणि त्यात मिसळायचा दुसरा द्रव, म्हणजे हार्डनर, एकमेकांशी जोडले जाऊन ते घट्ट होतं. म्हणून लवकर सेट व्हावं या आशेने हार्डनर कधीही वाढवू नका. जादा हार्डनरला जोडीला रेझिन उरत नाही, तो तसाच आत राहतो आणि कोस्टर मऊ पडतो.

बाटलीवरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हेही नीट वाचा. हार्डनर बहुधा रेझिनपेक्षा हलका असतो. त्यामुळे आकारमानाचं 1:1 प्रमाण वजनकाट्यावर समसमान मोजलं, तर हार्डनर जास्त पडतो.

मग ढवळणं. 3 ते 5 मिनिटं, सावकाश, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. त्यानंतर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. हे मी कधीच टाळत नाही, कारण न मिसळलेलं रेझिन पहिल्या कपाच्या कडांनाच चिकटून बसतं. ते खरवडून साच्यात टाकलं की नेमके तिथे चिकट डाग राहतात.

सगळा कोस्टर मऊ असेल तर आधी खोली थंड होती का ते पाहा. उबदार जागी आणखी एक-दोन दिवस ठेवा. तरीही मऊच राहिला, तर माप चुकलंय, तो वाचत नाही. डाग मोजकेच असतील तर ओला भाग खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपरने घासा आणि वर नवा थर ओता.

बुडबुडे जास्त येतात? रेझिनची बंद बाटली ढवळण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, ते पातळ होतं. बुडबुडे फोडायच्या गॅस टॉर्चची ज्योत एका जागी धरू नका, सिलिकॉनचा साचा खराब होतो. रेझिनमध्ये घालायची फुलं पूर्ण सुकलेलीच घ्या, ओलसर फूल आत काळवंडतं. पाण्यातले रंग टाळा.

घाईने काढलेला कोस्टर वाकला, तर गरम पाण्यात मऊ करून सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्या.

कोस्टरवर गरम कप येणार, हे मात्र रेझिन घेतानाच लक्षात हवं. हस्तकलेची बरीच साधी रेझिनं 50 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि ताजा चहा त्याहून कितीतरी गरम असतो. कपाचं वर्तुळ उमटतं ते यामुळेच. उष्णता सहन करणारं रेझिन घ्या आणि पूर्ण घट्ट व्हायला लेबलवर सांगितलेला वेळ द्या. तो कधी 3 दिवस, कधी 7 दिवस असतो.

नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी यांत तडजोड नको. कच्च्या इपॉक्सीची एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. त्वचेला लागलंच तर अल्कोहोलने पुसू नका, लगेच साबणाने धुवा.