आयसीटीसीत रुजू होताय? आधी दार कसं वापरताय ते बघा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, काउन्सेलर म्हणून लागणाऱ्यांसाठी लिहितेय. विंडो पिरियड (संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंतचा काळ), सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) वगैरे तुम्हाला येतंच, ट्रेनिंगमध्ये ते नीट शिकवतात. मला ज्याचा ताप झाला, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

गोपनीयता बोलण्यातून क्वचित फुटते, ती फुटते रोजच्या सवयीतून. मी लागले तिथली रीत अशी होती: निगेटिव्ह असेल तर दारातूनच हाक मारायची, "ताई, सगळं चांगलंय, हा घ्या रिपोर्ट." पॉझिटिव्ह असेल तर आत बोलवायचं, दार लोटायचं आणि अर्धा तास बसवायचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. गर्दीच तेवढी असायची, मग मीही तसंच करू लागले. एका एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आत घेऊन दार लावलं की समजायचं." खिडकी उघडी होती. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला आत घ्या, दार लावा, खुर्चीवर बसवा. निगेटिव्हलाही. तो वेळ वाया जात नाही. जोखीम नुकतीच घडली असेल तर आजच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला यावं लागतं, आणि हे दारातून ओरडून सांगता येत नाही. दुसरं, वेळेचं. पहिल्या किटवर नमुना नॉनरिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, आला की रिपोर्ट तयार होतो. रिॲक्टिव्ह आला तर त्याच नमुन्यावर आणखी दोन वेगळ्या किट लागतात, म्हणजे उशीर. बाकावरच्या बायका हा उशीर बरोबर मोजतात. तेव्हा एलटीशी (लॅब टेक्निशियनशी) बोलून ठेवा, सकाळच्या सगळ्यांचे रिपोर्ट दुपारी एकाच वेळी द्या. पाण्याचा ग्लास, डॉक्टरांना बोलावणं, केसपेपरवरची लाल शाई, यातलं जे एकासाठी कराल ते सगळ्यांसाठी करा, नाहीतर कुणासाठीच करू नका.

हे वाचून घाबरू नका. आठवडाभर रांग लांबेल, सिस्टर वैतागतील, मग सगळ्यांनाच त्याची सवय होते.

संमतीचंही तेच. एएनसीच्या टार्गेटपायी फॉर्मवर धडाधड सह्या घेतल्या जातात. सही म्हणजे संमती नव्हे! बाईला 'नको' म्हणता येतं, हे तिला कळलं पाहिजे. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता दोन्ही आहेत. त्याचं जोडीदाराबद्दलचं कलम तर पाठच करा. दीर, सासरे, ओळखीचे सरपंच, कुणीही रिपोर्ट मागू दे, त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. जोडीदाराला सांगायचं तर आधी त्या व्यक्तीने स्वतः सांगावं म्हणून समुपदेशन करायचं. ते होऊनही तिने सांगितलं नाही आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तरच डॉक्टर किंवा काउन्सेलर सांगू शकतात, तेही 'आम्ही सांगणार आहोत' अशी त्या व्यक्तीला कल्पना देऊन. बाईला मारहाणीची भीती असेल तर कायदा तिच्या बाजूने आहे. घाईने नवऱ्याला बोलावलंत आणि तिला घराबाहेर काढलं, तर ते तुम्हाला निस्तरता येणार नाही.

गुरू कुणाला करावं? माझं ठाम मत आहे, जुन्या एलटीला. साहेब येतात, रजिस्टर बघून जातात. एलटी रोज शेजारी असतो, कोण रडत गेलं आणि कोण परत आलंच नाही हे त्याला माहीत असतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'पॉझिटिव्ह कसं सांगावं'चे तयार संवाद पाठ करू नका. समोरच्याला ते पहिल्याच वाक्यात कळतं.

नोकरी कंत्राटी आहे, पगाराकडे बघून या क्षेत्रात येऊ नका. पण आता तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, 2004 पासून सरकारी केंद्रात मोफत मिळते. 2017 पासून सीडी फोर कितीही असला तरी औषध सुरू होतं, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. आईने औषध वेळेवर घेतलं तर बाळ निगेटिव्ह राहण्याची शक्यता खूप मोठी असते. हे सांगताना समोरचा चेहरा सैल होताना दिसतो.

माणसं गळतात ती तुमची खोली आणि सिव्हिलचं एआरटी सेंटर यांच्यामध्ये. नुसतं 'तिकडे जा' म्हणू नका. एसटी स्टँडवरून कसं जायचं, केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, कोणती कागदपत्रं लागतील, सगळं लिहून द्या. गावातल्या ओळखीच्यांची भीती असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातलं सेंटर सुचवा. आणि त्या चिठ्ठीवर 'एआरटी' लिहू नका, फक्त खोली नंबर लिहा. चिठ्ठी खिशात राहते आणि कपडे धुवायला दुसरंच कुणीतरी घेतं.