परदेशी शिकायला जाताना विमा: आधी नियम वाचा, मग हप्ता बघा

पॉलिसी शोधायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुमच्याकडे विमा मागणार कोण? व्हिसा देणारं सरकार की प्रवेश देणारं विद्यापीठ? कधी दोघंही मागतात आणि दोघांच्या अटी जुळत नाहीत. म्हणून व्हिसाच्या अटी आणि विद्यापीठाचं आरोग्यविम्याचं पान शेजारी शेजारी ठेवून वाचा. तोवर पैसे भरू नका.

देश बदलला की सगळी व्यवस्थाच बदलते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून मोठ्या कोर्सचा व्हिसा मागताना अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. 2024 पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला 776 पौंड आहे आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम घेतला जातो. त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. दात आणि चष्म्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा आपलाच. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसासाठी 'ओएसएचसी' नावाचा ठरावीक विमा लागतो, तोही व्हिसाच्या संपूर्ण काळासाठी. फक्त कोर्सच्या तारखांपुरता घेतला तर अर्ज अडतो. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव नोंदवावंच लागतं आणि साधारणपणे बिलाचा 30 टक्के वाटा रुग्ण भरतो.

जर्मनीत घाईने घेतलेला निर्णय सगळ्यात महागात पडतो. विम्याचा पुरावा नसेल तर विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. वयाच्या तिशीपर्यंत सरकारी आरोग्य विम्याचा सवलतीचा विद्यार्थी दर मिळतो. त्यातून सूट घेऊन स्वस्त खासगी विमा घेता येतो, पण एकदा घेतलेली ही सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पहिल्या वर्षी वाचवलेले पैसे तिसऱ्या वर्षी एखादा जुनाट आजार निघाला की नकोसे होतात. आणखी एक गोम: विम्याची स्थिती विद्यापीठाला कळवण्याचं काम सरकारी विमा संस्था थेट ऑनलाइन करते. त्यामुळे खासगी विमा घेतलेल्यालाही आधी एखाद्या सरकारी विमा संस्थेकडे अर्ज करून तसा निरोप विद्यापीठाला पाठवायला सांगावं लागतं. नुसती पॉलिसीची पीडीएफ दाखवून भागत नाही. भाषेचा कोर्स करायला आधी जाणाऱ्यांना विद्यार्थी दर लागूच होत नाही. त्या काळासाठी वेगळा विमा हवा.

अमेरिकेचा गुंता निराळा. एफ-1 व्हिसाला, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला, केंद्र सरकारची विम्याची सक्ती नाही, पण बहुतेक विद्यापीठांची असते. जे-1 व्हिसासाठी, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमातून येणाऱ्यांच्या व्हिसासाठी, मात्र सरकारनेच किमान आकडे घालून दिलेत: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे 1,00,000 डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी 50,000 डॉलर, मृतदेह परत नेण्यासाठी 25,000 डॉलर, आणि डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम) 500 डॉलरपेक्षा जास्त नको. अनेक विद्यापीठं स्वतःच्या योजनेचा हप्ता थेट फीच्या बिलात चढवतात. बाहेरची पॉलिसी चालवायची असेल तर 'वेव्हर'चा, म्हणजे विद्यापीठाच्या योजनेतून सूट मिळवण्याचा, अर्ज ठरलेल्या तारखेआधी करावा लागतो. तारीख चुकली की दोन्ही हप्ते तुमच्या डोक्यावर. वेव्हर नाकारला जाण्याची नेहमीची कारणं म्हणजे एकूण भरपाईवर कमी मर्यादा, मानसिक आजार वगळलेले असणं, आधीपासूनचे आजार वगळलेले असणं. म्हणून बाहेरची पॉलिसी विकत घेण्याआधी विद्यापीठाकडून वेव्हरच्या निकषांची यादी मागवा आणि पॉलिसीशी ओळीनिशी ताडून बघा. वेव्हर बहुधा दरवर्षी, काही ठिकाणी दर सत्राला, नव्याने काढावा लागतो.

डिडक्टिबल म्हणजे काय, तेही इथेच समजून घ्या, कारण स्वस्त हप्त्याचं मूळ बहुतेक वेळा त्यातच असतं. समजा बिल 3,000 डॉलरचं, डिडक्टिबल 500, आणि त्यानंतरच्या खर्चात तुमचा वाटा 20 टक्के. आधी 500 तुमचे. उरलेल्या 2,500 पैकी 20 टक्के म्हणजे आणखी 500. खिशातून गेले 1,000. रुग्णालय विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरचं, म्हणजे कंपनीशी करार नसलेलं, असेल तर हा आकडा बराच फुगतो. पॉलिसीत वर्षभरातल्या तुमच्या खर्चाची कमाल मर्यादा दिलेली आहे का, ते जरूर शोधा.

आता तारखा. विद्यार्थी विमा पुष्कळदा सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो आणि विद्यार्थी पोचतात त्याआधी दोन-तीन आठवडे. तेवढ्या फटीसाठी विमानात बसण्याच्या दिवसापासूनचा प्रवास विमा घ्या. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी, घेत असाल तर किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं. शेवटच्या परीक्षेपासून व्हिसा संपेपर्यंतची फटही तशीच बुजवा.

वगळलेल्या गोष्टींचं पान सगळ्यात कंटाळवाणं, म्हणूनच ते कोणी वाचत नाही. आधीपासूनचा आजार, गर्भारपण, दात, दारूच्या अंमलाखालचा अपघात, स्कीइंगसारखे खेळ, हे शब्द तिथे शोधा. ऑस्ट्रेलियात आधीपासूनच्या आजारासाठी 12 महिन्यांपर्यंत, तर मानसिक आजार आधीपासूनचा असेल तर दोन महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. दमा किंवा थायरॉईड असेल तर अर्जात लपवू नका; मोठा क्लेम आला की कंपनी जुने कागद तपासते आणि तिथेच क्लेम फेटाळला जातो. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. तिकडे ब्रँड वेगळे असतात.

अर्धवेळ नोकरी धरली की विमा पुन्हा तपासा. नेदरलँड्समध्ये फक्त शिकायला आलेल्याला तिथला मूळ आरोग्य विमा सहसा घ्यावा लागत नाही, पण पगारी काम सुरू झालं की तो सक्तीचा होतो.

आजारी पडलात तर क्रम असा ठेवा: जीव धोक्यात नसेल तर आधी विद्यापीठाचं आरोग्य केंद्र, आपत्कालीन विभाग नंतर. भरती व्हायची वेळ आली तर आधी, तातडीच्या प्रसंगी शक्य तितक्या लवकर, विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर कळवा; पूर्वपरवानगी नसल्याने क्लेम कापले जातात. बिल एकरकमी नको, बाबवार मागा. निदानाचा कागद आणि पैसे भरल्याची पावती जोडून मुदतीच्या आत क्लेम पाठवा.

व्हिसा नाकारला गेला तर ब्रिटनचा अधिभार परत मिळतो. खासगी पॉलिसीत मात्र परताव्याची अट कंपनीगणिक वेगळी असते, तेव्हा पैसे भरण्याआधी तेवढं एक कलम ईमेलवर लेखी विचारून घ्या.